मावशींचं घर कुणाच्या नावावर करावं? अनुभव आणि सल्ला हवा आहे

पायवाट

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच.

आमच्या परिचयातल्या एक मावशी गेली १९ वर्षं अनाथ मुलं सांभाळताहेत. सध्या ११ मुलं आहेत. सगळ्यात धाकटा ४ वर्षांचा, सगळ्यात मोठी १६ वर्षांची. नोंदणी, परवाना, तपासणीच्या भेटी, सगळं रीतसर आहे. अडलंय ते छपरापाशी.

त्या राहतात ते घर एका वृद्ध गृहस्थांचं होतं. भाडं नावापुरतं, करार तोंडी. "तुम्ही आहात तोवर घर तुमचंच" असं ते म्हणायचे आणि शब्दाला जागलेही. गेल्या वर्षी ते गेले. वारसांना घर विकायचंय. माणसं वाईट नाहीत, ८ महिन्यांची मुदत त्यांनी आपणहून दिली. शिवाय घरही थकलंय. मागच्या खोलीचा स्लॅब गळतो आणि त्याच खोलीत चार मुलं झोपतात.

आता दुसरं एक कुटुंब आपलं घर द्यायला तयार आहे. डागडुजीचा खर्च आमचा १४ जणांचा गट उचलेल. घर द्यायचं हे नक्की. ते कसं द्यायचं, यावर आमच्यात दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात सरळ मावशींच्या नावावर करा. काही म्हणतात संस्थेच्या. दात्यांच्या मुलाचं म्हणणं, घर आमच्याच नावावर राहू दे, त्या राहतील की.

मावशींचा स्वभाव सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. ९ वर्षांपूर्वी एका हितचिंतकांनी त्यांच्या म्हातारपणासाठी दोन खोल्यांची जागा त्यांच्या नावावर करून दिली होती. पुढच्याच वर्षी एका मुलीच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं. मावशींनी जागा विकली आणि आम्हाला सांगितलं ते ऑपरेशन झाल्यावर. मुलगी आज धावते. मावशींकडे मात्र स्वतःचं म्हणावं असं काहीही उरलेलं नाही, आणि त्यांचं वय आता ५८ आहे.

आणि मी इतकी धास्तावलेली का, तेही सांगते. पूर्वी आम्ही अशाच एका कामासाठी एकांच्या जागेवर वर्गणीतून दोन खोल्या बांधल्या. जागामालकांनी तोंडी शब्द दिला होता, आम्हाला कागद मागायचा संकोच वाटला. तिसऱ्या वर्षी त्यांनी जागा परत मागितली. बांधकाम त्यांच्या जमिनीवर, आमच्या हातात पुरावा शून्य. सामान बाहेर काढताना एक सहा वर्षांचा मुलगा आपली गादी घट्ट धरून बसला होता. ते मी विसरलेली नाही. म्हणून विचारतेय.

माजघर

धाग्याबद्दल आभार. आधी एक तपासा. अशा कामाचा परवाना बहुतेक ठिकाणी माणसाला मिळतो तसाच तो जागेलाही बांधलेला असतो. पत्ता बदलला की नवी पाहणी, नवी मंजुरी. खोल्यांचं माप, स्वच्छतागृहांची संख्या, सगळं पुन्हा. घर ताब्यात आलं, मुलं हलवली आणि मग कळलं की या पत्त्यावर परवानगीच नाही, असं होता कामा नये. ८ महिने ऐकायला बरेच वाटतात, या कामाला ते पुरत नाहीत. अर्ज उद्याच करा.

खिडकीपाशी

मावशींच्या नावावर अजिबात नको. त्यांच्यावर अविश्वास म्हणून म्हणत नाही, उलट त्यांचा स्वभाव तुम्हीच सांगितलात म्हणून म्हणतोय. उद्या आणखी एखादं मूल आजारी पडलं की हे घरही जाईल. मग दहा मुलं एका मुलासाठी रस्त्यावर येतील आणि त्यात कुणाची चूकही नसेल. दुसरं म्हणजे वारस. मावशींचे भाऊ-भाचे असतीलच. आज कुणी फिरकत नसेल, पण नावावर मालमत्ता आली आणि मृत्युपत्र नसलं की नाती जागी होतात. माझ्या पाहण्यात असं झालेलं आहे.

संस्थेच्या नावावर करा. संस्था विकायला गेली तर निदान ठराव तरी लागतो.

दर्यावर्दी

मला हे पटत नाही आणि ते स्पष्टच लिहितो. १९ वर्षं एक बाई परक्यांची मुलं पोटच्यासारखी वाढवते, आणि आपण तिला काय सांगणार? घर देतो, पण तुझ्या हातात नको, तू विकशील? त्यांनी जागा विकून चैन केली नाही, एका मुलीला पायावर उभं केलं. तो निर्णय बरोबरच होता. त्या वेळी ऑपरेशनचे पैसे उभे करायला आपण कुणी तिथे नव्हतो, दोष असलाच तर तो आहे.

आणि संस्थेचं म्हणाल तर विश्वस्त बदलतात. नवे येतात, त्यांना 'व्यावसायिक व्यवस्थापन' हवं असतं, आणि जिने सगळं उभं केलं तिलाच एक दिवस निरोपाचा गुच्छ मिळतो. त्या दिवशी मावशींनी जायचं कुठे?

रानवारा

+१ दर्यावर्दी. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कलमदान

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. मालकी एक आणि राहण्याचा हक्क दुसरा. आपण घर म्हटलं की दोन्ही एकत्र धरतो. कायद्यात ते वेगळे करता येतात, आणि इथे वेगळेच करायला हवेत. (माझं निम्मं आयुष्य दस्त लिहिण्यात गेलं. तरी तुमच्या भागातल्या वकिलांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, शब्दरचना प्रत्येक देशात वेगळी असते.)

मालकी नोंदणीकृत न्यासाकडे, म्हणजे ट्रस्टकडे. मावशींना त्याच घरात तहहयात राहण्याचा हक्क, आणि तोही दस्तातच लिहिलेला. ठरावात नको, पत्रात नको, भाषणात तर नकोच. ठराव पुढच्या सभेत फिरवता येतो. नोंदलेला हक्क एकट्या विश्वस्तांना काढून घेता येत नाही.

इथे एक बारीक पण जीवघेणी चूक होते. बरेचदा लिहितात, 'संचालिका या नात्याने राहण्याचा हक्क'. म्हणजे काम सुटलं की हक्क सुटला. मावशी आजारी पडल्या, गुडघे गेले, विश्वस्तांशी मतभेद झाले, तर छप्पर गेलं. हक्क व्यक्तीला द्या, पदाला नको. वाक्य साधं असावं: अमुक व्यक्तीला, ती संस्थेचं काम करत असो वा नसो, हयातीपर्यंत या घरात विनामोबदला राहण्याचा हक्क आहे.

मग न्यासाच्या घटनेत कुंपण घाला. घर गहाण टाकता येणार नाही. विकायचंच झालं तर आधी तितकंच सुरक्षित दुसरं घर घेतलेलं हवं, आणि मावशी हयात असेतो त्यांची लेखी संमती हवी. न्यास बंद पडला तर मालमत्ता अशाच कामाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जाईल, कोणाही विश्वस्ताच्या किंवा दात्याच्या घरी जाणार नाही. विश्वस्तांत दात्यांच्या कुटुंबातले बहुसंख्य नकोत.

दात्यांच्या मुलाचा प्रस्ताव मात्र नम्रपणे नाकारा. घर त्यांच्या नावावर राहिलं तर त्यांचं कर्ज, त्यांचा घटस्फोट, त्यांच्या वारसांचं भांडण, सगळं या अकरा मुलांच्या दारात येईल. तुम्ही आधी एका भल्या माणसाच्या शब्दावर होतात, पुन्हा तिथेच जाल.

पायवाट

कलमदान, तुमचा प्रतिसाद मी छापून काढला. 'हक्क व्यक्तीला, पदाला नको' हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आमचा मसुदा नेमका 'संचालिका या नात्याने' असाच होता.

दर्यावर्दी, ऑपरेशनबद्दल तुम्ही लिहिलंत ते लागलं, आणि ते खरं आहे. घराबरोबर औषधपाण्याचा वेगळा निधीही ठेवायला हवा, म्हणजे पुन्हा घर विकण्याची वेळ येणार नाही. हे आजच गटात मांडते.

शिंपला

थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका. या ११ मुलांपैकी खरंच किती अनाथ आहेत? जगभरच्या अनाथालयांत आई किंवा वडील हयात असलेली मुलं मोठ्या संख्येनं सापडतात. गरिबीमुळे ठेवलेली असतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यांत साफ म्हटलंय की केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबातून काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

रोमानियात बुखारेस्टला २००० साली एक अभ्यास सुरू झाला. अनाथालयांतली १३६ लहान मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली, त्यातल्या एका गटाला पालक-कुटुंबं दिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसाला जीव लावण्याची क्षमता दोन्ही सुधारली, आणि साधारण दोन वर्षांची होण्याआधी गेलेल्यांची जास्त. मग आपण इमारतीत पैसा घालावा की या मुलांच्या आज्या-मावश्या-काक्यांना हात द्यावा?

पायवाट

राग कसला, हा प्रश्न मावशी स्वतःला रोज विचारतात. १९ वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या मुलांपैकी बरीच नातेवाइकांकडे परत गेलीत, त्यांच्याच प्रयत्नानं. आत्ताच्या ११ पैकी दोघा भावंडांची आजी सापडलीय, भेटी चालू आहेत. चौघांच्या दत्तकविधानाचे प्रयत्न झाले, वय जास्त म्हणून अडलं. उरलेल्यांना खरंच कुणी नाही, किंवा जे आहेत त्यांच्याकडे पाठवणं धोक्याचं आहे.

तुम्ही सांगितलेला अभ्यास मला उलट मावशींच्या बाजूचा वाटतो. त्या मुलांना फायदा झाला तो रोज तेच माणूस समोर असण्याचा. पाळीपाळीनं बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांत ते मिळत नाही. मावशींकडे १९ वर्षं तेच माणूस आहे. पण मुद्दा घेतला: घर लहानच ठेवायचं. दात्यांच्या मनात ४० खाटांची इमारत होती. ती नको हे सांगायचं अवघड काम माझ्याकडे आलंय.

दिवेलागण

सांगाच. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरची गोष्ट त्यांना उपयोगी पडेल. १८३६ पासून तो विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरांत अनाथ मुलं सांभाळत होता. १८४५ मध्ये शेजाऱ्यांचं सभ्य भाषेतलं पत्र आलं की मुलांच्या गोंगाटाचा आणि सांडपाण्याचा त्रास होतो. त्यानं वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि मुलांनाही इथे मोकळी जागा नाही, असं मानून गावाबाहेर स्वतःची इमारत बांधायला घेतली. १८४९ मध्ये ३०० मुलांसाठी ती उघडली आणि पुढे १८७० पर्यंत पाच इमारती झाल्या.

३०० मुलांची इमारत हे त्या काळचं उत्तर होतं, आज ते कुणी देणार नाही. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. भाड्याच्या घरातलं मूल शेजाऱ्याच्या सहनशीलतेवर जगतं, तेव्हा नव्या घराच्या शेजाऱ्यांना आधीच भेटा, मुलांसकट. आणि म्युलर दरवर्षी पै-पैचा हिशेब छापून काढायचा. तुमच्या १४ जणांच्या गटानंही काढावा.

चकमक

मी इमारतींच्या अग्निसुरक्षेचं काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो. कागदावरचं सुरक्षित घर आणि प्रत्यक्षातलं सुरक्षित घर यांत फार अंतर असतं. ग्वातेमालात २०१७ च्या मार्चमध्ये एका सरकारी बालगृहात आग लागून ४१ मुली गेल्या. त्यांना एका खोलीत कोंडून ठेवलं होतं. त्या जागेच्या नावातच 'सुरक्षित घर' हे शब्द होते.

घर बघायला जाल तेव्हा हे बघा. झोपायच्या प्रत्येक खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, एक दार आणि एक खिडकी चालेल. खिडकीला गज असतील तर निदान एक खिडकी आतून, किल्लीशिवाय, दहा वर्षांच्या मुलाला उघडता यायला हवी. हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं, कारण चोराच्या भीतीनं आपण गज घालतो आणि आगीचा विचार करत नाही. रात्री दाराला बाहेरून कुलूप कधीच नको. स्मोक अलार्म झोपायच्या खोल्यांत आणि बाहेरच्या बोळात, महिन्यातून एकदा बटण दाबून तपासायचा, दहा वर्षांनी बदलायचा. लहान मुलं वरच्या मजल्यावर झोपवू नका. वायरिंग जुनं असेल तर रंगरंगोटी राहू द्या, पहिला पैसा वायरिंगवर. आणि वर्षातून दोनदा मुलांना रात्री उठवून बाहेर पडायचा सराव करा. अलार्मनं लहान मुलं जागी होतातच असं नाही, तेव्हा कुणी कुणाला उठवायचं हे ठरलेलं असू द्या.

सायंतारा

मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

मी अशाच एका घरात वाढले, एका ताईंच्या हाताखाली. माझ्या अठराव्या वर्षापर्यंत आम्ही चार वेळा जागा बदलली. मोठ्यांना वाटतं मुलं काय, ताई बरोबर असली की झालं. बरंचसं खरंही आहे ते. पण प्रत्येक वेळी शाळा बदलते, रोजची मैत्रीण जाते, आणि रात्री स्वच्छतागृहाकडे जायची वाट पायांना नव्यानं शिकवावी लागते. दुसऱ्या बदलीनंतर मी पिशवीतले कपडे बाहेर काढणंच सोडलं होतं. दोन वर्षं पिशवीतूनच कपडे घालत होते. ताईंना वाटायचं मी अव्यवस्थित आहे.

तुम्ही घर बघताय तर मुलांना विचारा. त्यांना काय हवं ते आपण ठरवतो आणि चुकतो. मला स्वतःचं कुलूप असलेलं एक कपाट हवं होतं, एवढंच. ते कुणी विचारलंच नाही.

आणि आणखी एक. आमच्या ताई थकल्या तेव्हा संस्थेनं त्यांना दुसरीकडे राहायला सांगितलं. भांडण नव्हतं काही, नियम तसा होता. त्या एका नात्यातल्या घरी कोपऱ्यात राहिल्या. मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी पेढ्यांचा पुडा घेऊन आधी कुठे जायचं म्हणून रस्त्यात उभी होते. जिथे वाढले तिथे आता मला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि ताई जिथे होत्या तिथे मला आत बोलवायचा त्यांना हक्क नव्हता. मावशींचा राहण्याचा हक्क लिहाल तेव्हा तो त्यांच्या एकट्यापुरता समजू नका. मोठी होऊन बाहेर पडलेली सगळी मुलं त्या एका ओळीवर उभी असतात. माहेर म्हणतात ना, ते माणसामुळे असतं, पण त्या माणसाला दार लागतं.

दर्यावर्दी

सायंतारा, लिहिलंत म्हणून आभार. दोनदा वाचलं.

कलमदान

सायंतारा यांच्या प्रतिसादामुळे मसुद्यात एक भर सुचवतो. मावशींच्या हक्कात 'पूर्वी सांभाळलेल्या, आता सज्ञान झालेल्या मुलांना भेटीसाठी बोलावण्याचा व परवान्याच्या नियमांत बसेल तितके दिवस ठेवून घेण्याचा' उल्लेख करा. त्यासाठी मावशींची खोली मुख्य घराला लागून, पण स्वतःच्या दाराची असावी. सध्याच्या मुलांच्या सुरक्षेच्या दृष्टीनं बाहेरची मोठी माणसं मुलांच्या खोल्यांतून जाता-येता कामा नयेत, ते आपोआप साधेल. आणि मावशींनंतर जी कुणी काम बघेल तिलाही तिची मोकळीक राहील.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं २० वं कलम कुटुंब नसलेल्या मुलांबद्दल आहे. मुलाच्या संगोपनात सातत्य राहावं याचा विचार करा, असं त्यात म्हटलंय. हा हक्क दस्तात आणायला तुमच्या विश्वस्तांना कारण हवं असेल तर ते इथे आहे.

माजघर

निधीच्या आवाहनात मुलांचे फोटो, नावं, कहाण्या टाकू नका ही विनंती. आज मदत मिळते, पण दहा वर्षांनी त्या मुलाच्या वर्गमित्राला तो फोटो सापडतो. गळणाऱ्या स्लॅबचा फोटो पुरेसा आहे.

खिडकीपाशी

माझं आधीचं मत बदललं. संस्थेच्या नावावर एवढंच म्हणून मी थांबलो होतो, ते अपुरं होतं.

पायवाट

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व. बरंच काही घडलं.

दाते खूप मोठ्या मनाचे निघाले. ४० खाटांचा विषय मी घाबरत काढला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग उरलेल्या पैशांचा औषधांचा निधी करा." मुलालाही पटलं. घर न्यासाकडे जाईल, पाच विश्वस्तांत त्यांच्या घरातले एकच. परवान्याचा अर्ज दिलाय, पहिली पाहणी झाली. वायरिंग पूर्ण बदलावं लागणार आहे. चकमक यांचा प्रतिसाद ठेकेदाराला जसाच्या तसा वाचून दाखवला.

मुलांना विचारलं. धाकट्याला खिडकीतून झाड दिसायला हवंय. तिघांना कुलपाचं कपाट हवंय, आणि हे आम्ही सुचवलेलं नव्हतं. १६ वर्षांच्या मुलीनं विचारलं, "मी १८ ची झाल्यावर माझं कपाट कुणाला देणार?" कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही.

मावशींच्या खोलीवरून मात्र गाडी अडली. त्या ऐकेचनात. "मला वेगळी खोली कशाला? त्या जागेत दोन मुलं मावतील." तहहयात हक्काचं सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे मी म्हातारी झाले की मुलांची जागा अडवून बसू?" आम्ही तासभर समजावत होतो. शेवटी मी सायंतारांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, नाव न सांगता. पेढ्यांच्या पुड्यापाशी आल्यावर त्यांनी हात करून थांबवलं. आत जाऊन पाणी प्यायल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्यावर त्यांनी एकच विचारलं, खोलीचं दार रस्त्याच्या बाजूला करता येईल का, म्हणजे कुणी रात्री उशिरा आलं तरी इतर मुलांची झोप मोडणार नाही.

तर आता ते दार रस्त्याच्या बाजूला काढायचंय आणि ती भिंत भार पेलणारी आहे असं ठेकेदार म्हणतोय. इथे बांधकामाची रचना जाणणारं कुणी असेल तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा, नकाशा पाठवते. दस्ताचा मसुदा येत्या आठवड्यात तयार होईल. कलमदान, तुम्ही एकदा नजर टाकाल का?